दुसऱ्याचा बोल्ट

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू सरळ पाहिलेली नाही. कोणतीही चीज हातात आली की आधी ती पालथी करायची, तळाशी शिक्का, खूण, आकडा असे काही सापडते का ते अंगठ्याने चाचपायचे आणि मगच तिच्या तोंडाकडे बघायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन यायच्या आत मामांचे ताट उलटे झालेले असते. शेजाऱ्याची इस्त्री, साडूची समई, दवाखान्यातला वजनकाटा, काही म्हणता काही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यातल्या पोरीला अलगद उचलले, पालथे केले, दोन्ही तळवे डोळ्यांजवळ नेऊन तपासले आणि "जोड बरोबर हाय" असा निर्वाळा देऊन परत ठेवले. मामींनी सगळ्या पाहुण्यांदेखत कपाळावर हात मारून घेतला.

खुद्द माझीही तपासणी झालेली आहे. मी मूळचा जळगावकडचा. पाटबंधारे खात्यात नोकरी लागली म्हणून संभाजीनगरात आलो आणि इथलाच झालो. बायकोचे माहेर खेड्यात, त्यामुळे मुलगी बघण्याचा कार्यक्रम मामांच्या मुकुंदवाडीच्या घरी ठेवला होता. बाकीचे वडीलधारे पगार, शेती, भावंडे असे रीतीचे प्रश्न विचारत होते. मामा गप्प. पोहे संपल्यावर त्यांनी मला हातातले घड्याळ काढायला सांगितले. खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याचे मागचे झाकण उघडले, एक डोळा मिटून आत बराच वेळ बघितले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पट्टा दुसऱ्या कंपनीचा हाय. काच बदललेली हाय. पण मशीन असली हाय. द्या पोरगी." ते घड्याळ माझ्या वडिलांचे होते, हे सांगायची मला हिंमत झाली नाही. आजही आमचे भांडण झाले की बायको म्हणते, "मामांनी मशीन तेवढं बघितलं, माणूस बघायचा राहून गेला."

हा सगळा त्यांच्या धंद्याचा परिणाम. चाळीस वर्षे मामा जुन्या शहरातल्या एका बंदुकांच्या दुकानात कारागीर होते. निवृत्त झाले म्हणजे पगार बंद झाला, एवढेच. अकरा वाजता दुकानात जाऊन बसणे चालूच राहिले. पिकात घुसणारी रानडुकरे हाकलायला ठेवलेल्या शेतकऱ्यांच्या बारा बोअर, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका, जुन्या घराण्यांमधल्या निजामाच्या काळापासून खुंटीला टांगलेल्या शिकारी रायफली, सगळ्या त्यांच्या हाताखालून जायच्या. पण त्यांचा जीव होता तो एकाच चिजेवर. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लष्करी रायफल. हिंदुस्थानात अशा किती असतील देव जाणे, पण तिची पारख करायची म्हटले की पुण्या-मुंबईचे शौकीन लोक मामांना विचारायचे. "उस्ताद ने देखा क्या?" असे दुकानाचा तरुण सेठ आधी विचारायचा आणि मामांनी पाहिलेले नसेल तर गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा द्यायचा नाही.

पारखायची रीत मामांनी मला इतक्या वेळा समजावून दिली आहे की मी झोपेतही ती म्हणून दाखवीन. जर्मन माणूस लई शिस्तीचा. रायफल तयार झाली की तिच्या नळीवर जो नंबर, त्याच नंबराचे आकडे तिच्या एकूण एक भागावर ठोकायचा. बोल्टवर, चापाच्या कड्यावर, नळीभोवतीच्या पट्ट्यांवर, लाकडी दस्त्याच्या पोटात, इतकेच काय, स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. सगळे आकडे जुळले म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच ती आजवर नांदली. एखादा भाग परक्या नंबरचा निघाला की समजावे, हिची कुठेतरी मोडतोड झाली आणि ढिगातून दुसरीचा भाग उचलून बसवला. किंमत पडली. मामा किंमत रुपयांत सांगत नाहीत. ते काम सेठचे. मामा आण्यांत सांगतात. सगळे जुळले तर सोळा आणे. पट्टी परकी, पंधरा. स्क्रू परके, चौदा. आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा तो मागचा लोखंडी दांडा, तोच जर दुसऱ्या रायफलीचा असेल तर एकदम आठ आणे. "बोल्ट म्हंजी काळीज," मामा म्हणतात. "दुसऱ्याचं काळीज बसवलेल्या माणसाला तुम्ही सोळा आणे म्हणाल का?"

आणि दुसरा नियम त्याहून कडक: वस्तू बघायची, गोष्ट ऐकायची नाही. प्रत्येक रायफलीबरोबर एक गोष्ट येतेच. कोणाच्या आज्याने ती जनरलच्या हातातून हिसकावलेली असते, कोणाच्या पणज्याला ती साक्षात शत्रूने नमस्कार करून दिलेली असते. मामा शांतपणे म्हणतात, "गोष्ट तुमच्यापाशी ठेवा, बंदूक इकडं द्या." एकदा एक पाटील मोठ्या थाटात रायफल घेऊन आले. मुलाच्या लग्नाच्या वरातीत मिरवायची म्हणून त्यांनी ती कोणाकडून तरी घासूनपुसून आरशासारखी लख्ख करून घेतली होती. जर्मन फौजेचा गरुडाचा शिक्का गेला, आकडे गेले. मामांनी नळीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "पाटील," ते म्हणाले, "तुम्ही बंदूक नाय घासली, तिचा जन्मदाखला घासला." पाटील जे गेले, त्यांनी वरातीतही बँडवरच भागवले म्हणे.

असा माणूस घरात कसा वागत असेल, याची कल्पना करावी. मामींच्या नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली लग्नानंतर आठ दिवसांत मामांनी ताब्यात घेतली आणि घरातल्या प्रत्येक डब्याच्या बुडावर आणि झाकणाच्या आत एकच आकडा घातला. चपलांना नंबर. उशी आणि अभ्रा यांना नंबर. चहाचा सहा कपांचा सेट आला तेव्हा कपांना आणि बश्यांना एक ते सहा. चारचा कप सहाच्या बशीत आला तर मामा चहाला हात लावत नाहीत. निवला तरी चालेल, पण बशी बदलून हवी. मामी म्हणायच्या, "माझ्या तळव्याला नंबर घालायचा तेवढा राहिलाय." त्यावर मामा गंभीरपणे, "तुम्हाला गरज नाय, तुमचा डुप्लिकेट निघायचा नाय," असे म्हणायचे. हे कौतुक होते की काय, हा निकाल मामींनी अजून दिलेला नाही.

माझी अडचण अशी झाली, की सहा कपांचे मालक आधीच ठरलेले होते आणि मी घरात सातवा. मग माझ्यासाठी शहागंजच्या बाजारातून एक सुटा कप आणला, निळ्या फुलांचा. त्याला नंबर काही मिळाला नाही. "सेटमधला नाय ना तो," मामा म्हणाले. पंधरा वर्षे मी त्या घरात बिननंबरी कपातून चहा पीत आलो आणि दर वेळी मेहुणे मंडळी "जावईबापूंचा सुटा माल आला" म्हणून हसत आली. मीही हसायचो. जावयाला तेवढे सोसावेच लागते.

मामांच्या विक्षिप्तपणाचा कळस म्हणजे त्यांच्या वह्या. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात. शंभर बंदुका एका खोलीत रचल्या की कोणाची कोणती, हा घोळ होणारच. म्हणून ठाण्याठाण्यांतून मामांना बोलावणे यायचे. मामा जायचे, चिठ्ठ्या बांधून द्यायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या शौकाखातर प्रत्येक जुन्या रायफलीचे नंबर आणि आणे शाळेच्या दोनशेपानी वहीत उतरवून आणायचे. अशा तेवीस वह्या माळ्यावर होत्या. मामी दर दिवाळीला त्या रद्दीत घालायची धमकी द्यायच्या. घरातल्या कोणालाच त्या वह्यांचा काडीचा उपयोग ठाऊक नव्हता, आणि खरे सांगायचे तर मामांनाही नव्हता.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. मामांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आल्यापासून त्यांची स्कूटर बंद झाली आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्यांना दुकानात सोडायचे काम माझ्याकडे असते. त्या सकाळी मी नुसता सोडून निघणार, तोच हर्सूलच्या एक बाई दुकानात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बघताक्षणीच आपण उभे राहावे असे वाटणाऱ्या. त्यांच्या वडिलांची जर्मन रायफल दुकानात ठेवीला होती. वडील लढाईत इटलीला जाऊन आलेले, नंतर हर्सूलच्या तुरुंगावर पहारेकरी. त्यांच्यामागे परवाना भावाकडे आला. भाऊही गेला, आणि कायद्याप्रमाणे रायफल दुकानात जमा झाली. आदल्या आठवड्यात मामांच्या गैरहजेरीत पुण्याचे एक शौकीन ती बघून गेले होते आणि "जोडाजोडीचा माल आहे, म्हातारबाबांनी भंगारातून उचलली असणार" असे बोलून गेले होते.

"मला विकायची घाई नाही," बाई मामांना म्हणाल्या. "कोणी ठेवायला नाही म्हणून द्यायची, इतकंच. पण वडील आम्हाला हिची एक गोष्ट सांगायचे. ती खरी होती का खोटी, एवढं मला तुमच्याकडून कळायला हवं. माझा भाऊ ती खोटीच समजून गेला."

मामांचा नियम तुम्हाला माहीत आहे. त्यांनी गोष्ट बाजूला सारली, रायफल मागितली. पालथी केली. दस्त्यावर अंगठा फिरवला. तो लढाईतल्या पद्धतीचा, लाकडाचे थर चिकटवून केलेला. त्याला पुष्कळ लोक प्लायवूड समजून नाक मुरडतात, मामा मात्र खूश झाले. मग एकेक आकडा. आताशा मामा डोळ्यांपेक्षा अंगठ्यानेच वाचतात. नळी, पट्ट्या, कडे, स्क्रू, सगळे एका नंबरचे. मामांचा चेहरा उजळत गेला. मग बोल्ट बाहेर काढला, आणि चेहरा पडला. "बाई, लई वाईट वाटतं," ते म्हणाले. "बोल्ट दुसऱ्याचा हाय. आठ आणे."

बाई म्हणाल्या, "माहीत आहे. गोष्ट तीच तर आहे."

आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मामा गोष्ट ऐकायला स्टूल ओढून बसले. "बोला," म्हणाले.

बाईंच्या वडिलांचा पलटणीत एक दोस्त होता, फर्दापूरकडचा. खेचरे हाकायचे काम दोघांकडे. दोघे एका ताटात जेवायचे, एका घोंगडीत झोपायचे. शिकारीचा नाद असलेल्या एका गोऱ्या साहेबाने परत निघताना खूश होऊन दोघांना एकेक जर्मन रायफल दिली आणि वर परवानगीची चिठ्ठी. मनमाड स्टेशनावर दोघांच्या वाटा वेगळ्या होत होत्या. तिथे फलाटावर बसून त्यांनी आपापल्या रायफलीचे बोल्ट काढले आणि अदलाबदल केली. दोस्त म्हणाला, "आता कुणाचीच पुरी नाय. पुरी करायची तर भेटावं लागंल."

"मग भेटले का?" मी विचारले.

"एकदाच," बाई म्हणाल्या. "वडील फर्दापूरला त्याच्या घरी गेले. लढाईत एक ताट असलं तरी गावात आमची वस्ती गावाबाहेरच होती, हे तुम्हाला सांगायला नको. दोस्त शेतावर होता. त्याच्या आईनं वडिलांना गोठ्यापाशी बसवलं आणि गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला कान तुटका कप होता, त्यात चहा दिला. वडिलांनी तो प्यायला, कप विसळला आणि परत कोनाड्यात पालथा ठेवला. तेवढ्यात दोस्त आला. त्यानं ते बघितलं. वडील 'येतो रे' म्हणाले आणि निघाले. पुन्हा गेले नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणायचे, त्याची चूक नव्हती, पण तो कप मला परत नको होता. नाव कधी घेतलं नाही. दोस्त म्हणायचे फक्त."

सांगताना बाईंचा आवाज कुठेही हलला नाही. हे त्यांनी स्वतःशी पुष्कळदा सांगून झालेले असावे. मामा बोल्टवरचा आकडा अंगठ्याने घासत बसले होते.

"नाव नसंना का," अखेर ते म्हणाले. "नंबर हाय की."

पुढचे तीन दिवस मामांच्या घरी सणासारखे गेले. तेवीस वह्या माळ्यावरून खाली आल्या. मामांना दिसेना, म्हणून मी वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मामी पदराने धूळ झटकत शिव्या देत होत्या आणि तिसऱ्या वहीनंतर स्वतःच चष्मा लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी अठराव्या वहीत मामींनाच ते सापडले. कधीकाळच्या निवडणुकीतली नोंद, सोयगाव तालुका, फर्दापूरजवळच्या गावची एक जर्मन रायफल. नळीचा नंबर बाईंच्या बोल्टचा, आणि बोल्टचा नंबर बाईंच्या नळीचा! पुढे मामांच्याच अक्षरात शेरा होता, 'बोल्ट दुसऱ्याचा. आठ आणे.' मामा उठून खोलीत गोल फिरले, मामींना नमस्कार केला, मला मिठी मारली आणि मग एकाएकी हिरमुसून म्हणाले, "बघा जावईबापू, तवाच हातात आलती. मी आठ आणे लिहिलं आन् पुढच्या बंदुकीकडं वळलो."

फर्दापूर आमच्या जळगावच्या वाटेवर, तिथून माझे बालपणापासून येणे-जाणे, तेव्हा गाव शोधायला वेळ लागला नाही. दोस्त कधीच वारला होता. त्याचा मुलगा, बाईंच्याच वयाचा, कपाशीत उभा होता. गाव त्यांना दादा म्हणते. दोन परके लोक रायफलीची चौकशी करतात म्हटल्यावर दादांना वाटले, आम्ही परवान्याच्या तपासणीला आलो. त्यात प्यायला दिलेला पाण्याचा तांब्या मामांनी उलटा करून बघितला, त्यामुळे संशय बळावला आणि पाणी मामांच्या धोतरावर सांडले. मग मी सगळे सांगितले. दादा ऐकता ऐकता बांधावर बसले. "माझा बाप सांगून गेलाय," ते म्हणाले. "हिचा बोल्ट कुणाला हात लावू देऊ नगा. मागायला कुणी हर्सूलकडनं आला तरच द्या. आमी म्हणायचो, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. सोमवारी येतो घिऊन."

सोमवारी दादा परवाना आणि रायफल घेऊन दुकानात आले. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. काउंटरवर हिरवे कापड अंथरून मामांनी दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या, दोन्ही बोल्ट काढले आणि अंगठ्याने आकडे लावून बघितले. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. एकही आकडा चुकला नाही. "बाई," मामा म्हणाले, "तुमचं वडील अक्षर अन् अक्षर खरं बोलत व्हते." बाई चष्मा काढून पुसत बसल्या. चष्मा पुसून झाला तरी पुसत होत्या.

तरुण सेठ धंद्याचा माणूस. त्याचे डोळे चमकले. "उस्ताद, अब क्या देखते? बोल्ट बदल डालो. दोनों सोला आने. पुणेवाले साहब दौड़ते आते." खरेच होते ते. दोन हातांत दोन बोल्ट होते. अर्ध्या मिनिटाचे काम. जन्मभर परक्या नंबरावर नाक मुरडणाऱ्या माणसाला अशी जोडी एकदा तरी जुळवायला मिळावी, यापरते भाग्य कोणते? मामांनी बाईंकडे बघितले. बाई म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा. तुमचा शब्द शेवटचा असतो म्हणतात." दादाही म्हणाले, "व्हय, तुमीच सांगा."

तेवढ्यात हॉटेलातून चहा आला, एका तारेच्या स्टँडमध्ये सारखे ग्लास. बाईंनी एक घेतला. दादा आपला ग्लास हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "बाई, एक इचारू? माझा बाप आयुष्यभर एकाच कपात च्या प्यायचा. कान तुटका, कडा उडालेला. घरात चांगलं कप आलं, सून आली, तिनं तो फेकून दिला तर उकिरड्यावरनं शोधून आणला. माझी आजी तर त्याच्यापुढं हात जोडून रडली म्हणं, की तेवढा कप सोड. कुणी इचारलं तर काय बोलायचा नाय. मरायच्या दिवशी त्याच कपातनं पाणी पाजलं आमी त्याला. तो कप कुणाचा व्हता, तुमाला काय ठावं हाय का?"

बाईंनी ग्लास खाली ठेवला, काउंटरवरून हात पुढे केला आणि दादांच्या मनगटावर ठेवला. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वडिलांचा." आणि तिथे, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात, त्यांनी तो सारा प्रसंग पुन्हा सांगितला. या वेळी त्यांचा आवाज ठिकाणावर राहिला नाही. दादांचाही नाही. सेठ पाठमोरा होऊन काडतुसांची खोकी मोजायला लागला होता.

मामांनी दोन्ही बोल्ट तेलाच्या फडक्याने पुसले. आणि जो जिथून आला होता, त्याच रायफलीत त्यांनी तो परत बसवला. बाईंचा बाईंच्यात, दादांचा दादांच्यात. परके ते परकेच ठेवले.

"उस्ताद!" सेठ ओरडला. "आठ-आठ आने ही रहे फिर!"

"गलत," मामा म्हणाले. "तू दोन बंदुका बघतो, म्हणून चुकतो. ही एकच चीज हाय. दोन नळ्या, दोन बोल्ट, आन् यातला एकबी आकडा बाहेरचा नाय. कारखान्यातनं जे निघालं ते सगळं हितं हाय. जोडीनं ठेवली तर सोळा आणे. यातली एक जरी वेगळी विकली तर मातीमोल." आणि माझ्याकडे वळून, "लिव्हा जावईबापू." मी लिहिले, 'बोल्ट बदललेले आहेत. ते तसेच राहावेत. सोळा आणे.' मामांनी खाली सही केली. दोन्ही नियम शाबूत ठेवून त्या माणसाने दोन्ही एका फटक्यात मोडले होते, आणि वर चेहऱ्यावर काही घडल्याचा मागमूस नव्हता.

पुण्याच्या साहेबांना नकार कळवला. एका परवान्यावर दोन शस्त्रे बसतात, तेव्हा बाईंची रायफल दादांच्या परवान्यावर घ्यायचे ठरले. त्यासाठी मामांनी मला कलेक्टर कचेरीच्या इतक्या खेपा घालायला लावल्या की तिथल्या शिपायाने मला कर्मचारी समजून एकदा फायली उचलायला सांगितल्या. पण काम झाले. आता दोन्ही रायफली दादांच्या घरी एका कपाटात आहेत. बाई दिवाळीनंतर तिकडे चार दिवस राहून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "तो कप बघितला. अगदी साधा कप आहे हो."

परवाना हाती आला त्या संध्याकाळी मी मामांकडे गेलो. मामी चहा घेऊन आल्या. एकचा कप एकच्या बशीत, मामांसमोर. निळ्या फुलांचा सुटा कप माझ्यासमोर. मामांनी सवयीप्रमाणे आपला कप उचलला आणि बूड चाचपले. मग माझा कप उचलला. त्याचेही बूड चाचपले. तिथे काहीच नव्हते. अंगठा जरा वेळ तिथेच फिरत राहिला. माझी थट्टेची गोष्ट आणि त्या कोनाड्यातल्या कपाची गोष्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळते. मला कोणी गोठ्यापाशी बसवले नव्हते, उलट डोक्यावर घेतले होते. तेवढे मी म्हणणारही होतो. पण मामांनी स्वतःचा एक नंबरचा कप माझ्यासमोर सरकवला आणि माझा निळा कप स्वतःच्या बशीत ठेवला.

"अहो, ती एकची बशी हाय," मामी म्हणाल्या. "सेट मोडला की!"

"चहा गरम हाय का?" मामांनी विचारले.

तेव्हापासून ते रोज निळ्या कपातूनच चहा पितात. आता त्यांना आकडे बोटालाही नीटसे लागत नाहीत, आणि मामींच्या घासण्यापुसण्याने कपांवरचा लाल रंगही उडत चालला आहे. कोणता कप कितवा, हे त्या घरात आता कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. मी गेलो की मामा मात्र माझ्या हातातला कप एकदा मागून घेतात, पालथा न करता नुसता तळहातावर धरतात, आणि परत देताना म्हणतात, "असली हाय. प्या."